पारोळ्याचा फोन

पडद्यावर हिरवा ठिपका अजून दिसत होता, म्हणजे अभिमनचा फोन पारोळ्यात चालू होता. आणि ठिपक्याशेजारी ते बटण — 'सर्व पुसा'. दिपमालाने माउसवरचा हात मागे घेतला. जळगावच्या या बियाणे कंपनीने गावोगाव फिरणाऱ्या माणसांना दिलेले सगळे फोन ती याच पडद्यावरून सांभाळायची. सॉफ्टवेअर खुलं होतं, कुणालाही आतून बघता-बदलता येणारं, म्हणून तर तिने खपून ते ऑफिसच्या हजेरीला, मेलला जोडलं होतं... फोन चोरीला गेला तर इथूनच कोरा करता यावा. चोरीला गेला तर! त्या माणसांपैकीच अभिमनला आज सकाळी कामावरून काढलं होतं, आणि त्याच्या फोनमध्ये कंपनीचं बियाणं पेरूनही न उगवलेल्या कापसाचे फोटो होते.

सगळे फोटो त्या एकाच फोनमध्ये, मघाशी त्याने फोन करून सांगितलं होतं — "ताई, बठ्ठा फोटो फोनमाच शेतस. बाहेर पाठवताच येत नही."

"झालं का पुसून?" मॅनेजर जितेंद्र सर मागे येऊन उभे राहिले. "उद्या कृषी खात्याची माणसं येतायत."

चालेल, सर — ओठांवर आलंच होतं. पुण्यात नोकरीला असताना बोदवडला घरी पाहुणे बघायला आले, लग्नानंतर नोकरी सोडशील ना, म्हणाले, तेव्हाही चालेल. बढती दुसऱ्याला दिली तेव्हाही चालेल... किती सहज निघायचा तो शब्द, जणू माझा नव्हताच.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी पुसणार नाही. तुमच्या ऑफिस-मेलने तुम्हालाही इथं येता येतं, सर. हेच बटण तुमच्याही पडद्यावर आहे. फक्त कुणी पुसलं, ते नावानिशी राहतं."

ते जवळ सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तूच कर ना, दिपमाला. तुझं तर हे रोजचंच काम."

"हे माझं काम नाही."

ते मोबाइल कानाला लावत बाहेर गेले — मालकांनाच असणार. काचेपलीकडे त्यांचे हातवारे दिसत होते. आता ते येतील, ओरडतील, कदाचित मलाही काढतील, नाहीतर स्वतःच बटण दाबतील... येऊ देत. भीती वाटतेय — वाटू दे. घाबरलेल्या माणसालाही नाही म्हणता येतं, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं.