शाळेचा माईक, देवळाचा माईक

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूनं चेपलेली आहे आणि अंगावरचा काळा रंग हाताच्या घामानं पांढुरका झाला आहे. त्यावरून तुम्ही ओळखलंच असेल, मी एक जुना बिनतारी माईक आहे. आता शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी असतो. शेजारी अगदी माझ्यासारखाच आणखी एक माईक आहे. तो देवळाचा. आम्ही दोघं एका कपाटात कसे आलो, तेच आज सांगायचं आहे.

माझं शरीर कारखान्यात घडलं, पण मी जागा झालो तो परभणीच्या एका दुकानात. दुकानदारानं माझ्या पोटात सेल घातले, फुंकर मारली आणि माझा आवाज पकडणाऱ्या समोरच्या डब्यातून तीच फुंकर मोठी होऊन बाहेर आली. समोर आमच्या शाळेच्या शिक्षिका अनसूयाबाई उभ्या होत्या. कडेवर त्यांचं तान्हं बाळ होतं. त्यानं मला पाहताच तोंडात घालायचा प्रयत्न केला. बाई हसून म्हणाल्या, "घ्या, पहिलं भाषण झालं." मला तिथंच घरच्यासारखं वाटलं.

पोखर्णीच्या नृसिंहाला जाणाऱ्या गाड्या ज्या फाट्यावरून वळतात, तिथून थोडं आत आमचं गाव. शाळा आणि मारुतीचं देऊळ यांची भिंत एकच. अलीकडं मुलं, पलीकडं देव. शाळेच्या वऱ्हांड्यात माझा भोंगा बसवला आणि माझे कामाचे दिवस सुरू झाले. किती कोवळे हात लागले म्हणून सांगू! कुणी मला आईस्क्रीमच्या कांडीसारखं धरायचं, कुणी दोन्ही हातांनी मानगूट आवळायचं. प्रार्थना म्हणताना कुणाच्या तोंडाला चिंचेचा वास, कुणाच्या शेंगदाण्याचा. तो वास मला अजून येतो.

माझ्या भोंग्याखाली रोज एक बाई येऊन उभी राहायची. सरजाबाई. शाळेत खिचडी शिजवायची. तिला कानांनी फार कमी ऐकू यायचं. माणसांचे ओठ बघून ती बोलणं समजून घ्यायची. पण भोंग्याला कान लावला की शब्द तिच्यापर्यंत पोचायचे. प्रार्थना सुरू झाली की ती चूल मंद करून यायची आणि डोळे मिटून ऐकायची. तिची मुलगी भक्ती चौथीत होती. भक्तीचा आवाज इतका बारीक की शेजारच्या मुलीलाही वाकून ऐकावं लागे. मला हातात घ्यायची तर तिची हिंमतच होत नसे. म्हणून गावभरची लेकरं सरजाबाईनं ऐकली होती. स्वतःची लेक तेवढी राहिली होती.

आता थोडं हवेविषयी सांगतो. माझ्यातून निघालेला आवाज लहरींवर बसून डब्यापर्यंत जातो आणि तिथून भोंग्यात. या लहरींची जागा डोळ्यांना दिसत नाही, पण ती जमिनीसारखीच मोजकी असते. सरकारनं तिचे पट्टे पाडले आहेत. पोलिसांचा वेगळा, विमानांचा वेगळा. मोबाईल कंपन्या आपले पट्टे लिलावात बोली लावून घेतात. आणि काही तुकडे आमच्यासारख्या लहानसहान यंत्रांसाठी मोकळे सोडले आहेत, गावात गायरान असतं ना, तसे. तिथं परवाना लागत नाही. अट एकच, दुसऱ्याच्या आडवं यायचं नाही, आणि दुसरं कुणी आलं तर समजून घ्यायचं.

मी त्या गायरानात सुखानं चरत होतो. मग एके वर्षी देवळानं सप्ताहासाठी माईक घ्यायचं ठरवलं. सप्ताहाची सगळी व्यवस्था रंगनाथमामांकडे असायची. धोतराचा सोगा खोचून दिवसभर धावणारा माणूस. ते त्याच दुकानात गेले आणि म्हणाले, "शाळेचा लय चांगला चालायलाय. तसाच द्या. दुसरा नको."

दुकानदारानं तसाच दिला. अगदी तसाच. आम्हा दोघांची लहर एकच निघाली.

दुसऱ्या दिवशी देवळात ज्ञानेश्वरीचं पारायण सुरू होतं. वाचणारे क्षणभर पाणी प्यायला थांबले आणि देवळाच्या भोंग्यातून अनसूयाबाईंचा आवाज घुमला, "परमेश्वर, नाकातलं बोट काढ." देवळातली सगळी माणसं भिंतीकडं बघू लागली. परमेश्वर नावाचा तो मुलगा दुसरीत होता. तो पुढं आठवडाभर शाळेत यायला लाजला.

शाळेतही तेच. बेचा पाढा चालू असताना आमच्या भोंग्यातून रंगनाथमामा विचारायचे, "ए, तांदूळ निवडून झाला का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात, "न्हाई!"

दोन दिवस हसण्यात गेले. मग दोघांनीही आवाज वाढवला. त्यानं काही होत नाही मित्रांनो, नुसती घरघर वाढते. शेवटी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, या माईकची लहर बदलता येत नाही, दुसरा सेट मागवून द्यायला आठवडा लागेल. आणि शाळेचं स्नेहसंमेलन अन् देवळातला काला, दोन्ही दुसऱ्याच दिवशी होते.

त्या वर्षी पहिल्यांदाच भक्तीनं नाव दिलं होतं. तिनं 'माझी आई' हा निबंध स्वतः लिहिला होता. मधल्या सुट्टीत ती मला हातात घ्यायची आणि बटण न दाबता बोलायची. त्यामुळं तिच्यापाठोपाठ मलाही तो पाठ झाला होता.

अनसूयाबाई देवळात गेल्या. मी त्यांच्या हातातच होतो.

"मामा, काल्याला जुना तारेचा माईक वापरा ना."

"मॅडम, पारायणाला चालतो. बसून वाचायचं असतंय. काल्याला महाराज नाचत्यात. गेल्या साली तारंत पाय गुतला, मृदंगावर पडले. पुन्हा न्हाई येनार म्हनले होते."

बाईंना हसू आवरलं नाही. मग त्या म्हणाल्या, "एका मुलीसाठी विचारतेय मामा. सरजाबाईच्या भक्तीसाठी. तिच्या आईला ती फक्त भोंग्यातूनच ऐकू येईल."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कॅनॉलच्या पान्याला आमी काय करतो? पाळी लावतो. एकाचं दार उघडं, तवर दुसऱ्याचं बंद. तसं करू. काल्यापस्तोर आमचं. प्रसादाची पंगत बसली की तुमचं. मी आमचा माईक बंद करून खिशात घालतो."

"डबाही बंद कराल?"

"डब्याचं बटन मला घावतच न्हाई मॅडम. ते बालाजीनं बसवलंय अन् तो चुडाव्याला गेलाय सासुरवाडीला. माईक बंद केला म्हंजी झालं की."

दुसऱ्या दिवशी काला झाला, दहीहंडी फुटली, पंगत बसली. इकडं आमचं संमेलन सुरू झालं. नाच झाले, नाटुकलं झालं. मग भक्तीचं नाव पुकारलं. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि पहिल्यांदाच माझं बटण दाबलं. सरजाबाई भोंग्याखाली उभी होती. दोन्ही हात भोंग्याच्या कडेवर.

"माझी आई खिचडी शिजवते," भक्ती म्हणाली. "खिचडी झाली का, हे ती वासावरून ओळखते. मी हाक मारली तर तिला ऐकू येत नाही. म्हणून मी तिचा पदर ओढते. पण आज मी लांबून हाक मारणार आहे."

तिनं श्वास घेतला, आणि माझ्या भोंग्यातून गरजलं, "दुसरी पंगत बसून घ्या! वाढपी, भाजी घ्या, वांग्याची भाजी!"

शाळेच्या मांडवात हशा पिकला. भक्तीनं मला खाली केलं. तिचे डोळे भरून आले. सरजाबाई गोंधळून भोंग्याकडं बघत राहिली. लेकीच्या जागी तिला वांग्याची भाजी ऐकू आली होती.

भिंतीपलीकडं काय घडलं ते मला देवळाच्या माईकानं नंतर सांगितलं. सवयीनं मामांनी त्याला खिशातून काढून बटण दाबलं होतं. बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःचीच भाजी शाळेच्या भोंग्यातून परत ऐकली. त्यांनी जीभ चावली आणि बटण बंद केलं. पंगतीतून कुणी ओरडलं, "मामा, इकडं बुंदी!" तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "गप रं. पाळी लेकराची हाय." आणि हातात बादली घेऊन, न बोलता, स्वतः वाढायला लागले.

इकडं अनसूयाबाईंनी भक्तीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं मला पुन्हा ओठांपाशी नेलं.

"आई," ती म्हणाली.

देवळाचा माईक बंद होता, पण डबा चालू होता. म्हणून ती हाक आमच्या भोंग्यातूनही गेली आणि देवळाच्याही. अर्ध्या घासावर सगळी पंगत थांबली. आणि वऱ्हांड्यातून सरजाबाईनं, सगळ्या गावासमोर, जोरात उत्तर दिलं, "ओ!"

भक्तीनं पुन्हा हाक मारली. पुन्हा "ओ!" निबंध तसाच राहिला. मला आयुष्यात एवढं सुंदर भाषण पुन्हा मिळालं नाही.

त्यानंतर गावात आमच्या पाळ्याच ठरल्या, आणि त्या मोडल्याचं मला आठवत नाही. पुढं नवे माईक आले. हवेत मोकळी जागा कुठं आहे ते स्वतः हुडकतात म्हणे. चांगलं आहे. देवळाचा माईक मामांनी स्वतः आणून माझ्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हावा दोघंबी एकत्र." भक्ती आता परभणीला कॉलेजात आहे. सरजाबाई तिच्याशी मोबाईलवर बोलते, आवाज मोठा करून. तो आवाजही त्याच हवेतून येतो.

मित्रांनो, तुमच्या घरात आज किती यंत्रं न दिसणाऱ्या लहरींवर बोलतात. ती हवा सगळ्यांची आहे. बटण दाबण्याआधी जरा ऐका, पलीकडं कुणी बोलत असेल. आणि आम्हा जुन्यांना कपाटात ठेवताना आमच्या पोटातले सेल काढून ठेवा. ते पाझरले की आम्ही आतून कुजतो. मला अजून कुजायचं नाही. कुणाचं तरी बारीक आवाजाचं लेकरू अजून मला हातात घेईल, अशी मला आशा आहे.