वाळूतल्या काळ्या खुणा

पहाटेच्या धूसर उजेडात चिऱ्याच्या भिंतीवरून तळहात फिरल्याचा खरखरीत आवाज येतो, आणि बाबा उठले हे मला कळतं. काचबिंदूने त्यांचं जग चारी बाजूंनी आकसत आणलं. मध्ये उरलं ते फिकट, धुकट. तरी तोंड समुद्राकडेच.

आमच्या शिरोड्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात. जाळ्याच्या दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा रिवाज. बाबांना तो वाटा हवा होता, पण एकट्याने चालत जाऊन. "हात धरून नेलंस तर तो वाटो न्हय, भीक," म्हणत त्यांनी माझा हात झटकला. राग आला मला. वाईटही वाटलं.

माझा धंदाच वाट दाखवण्याचा. व्हिडिओ गेममधल्या कड्यांना, शिड्यांना मी पिवळा रंग देतो. इथून चढायचं हे खेळणाऱ्याला न सांगता उमगतं. दहा वर्षं अनोळखी माणसांना वाटा दाखवून डोळे आणि जीव दोन्ही शिणलेत. तीच विद्या घरी चालवली. माडांतून किनाऱ्यापर्यंत दगड मांडले, पिवळे रंगवले, स्वतःवर खूश झालो. तिसऱ्याच दगडाला अडखळून बाबा पडले.

"पिवळो रेवेत जिरता रे," अंगावरची वाळू झाडत ते म्हणाले. "होडयेच्या बुडाक मारतंव, तो काळो मार."

कपाळ माझं! पांढुरक्या वाळूत पिवळा रंग त्या डोळ्यांना दिसणार कसा, एवढंही मला सुचू नये?

सगळे दगड काळे केले. मग एका सकाळी, कोवळं ऊन झावळ्यांतून उतरत असताना, दगडामागून दगड हेरत बाबा एकटे निघाले. धावत जावंसं वाटत होतं, पण मी घरापुढच्या खळ्यातच उभा राहिलो. त्यांनी दोर धरला, वाळूत पाय रोवले, आणि इतरांच्या तालात त्यांचे वाकलेले खांदे मागेपुढे होऊ लागले. परतले तेव्हा हातात चार बांगडे होते. आईला म्हणाले, "माझो वाटो." मला रडू आलं.

तो एकच हंगाम. उन्हाळा लागता लागता काळा रंगही त्यांना दिसेनासा झाला. आता ते ओसरीवर बसून रापणीच्या आरोळ्या ऐकतात, आणि कुणी नेतो म्हटलं तर नकारार्थी मान हलवतात.

मी मात्र त्या दगडांवर अजून रंगाचा हात देतो. काळाने नजर नेली, उद्या माणूसही नेईल. खुणा पुसल्या तर बाबा इथून एकटे गेले होते हे फक्त आठवणीत उरेल, आणि आठवणीचा मला भरवसा नाही.