उसवलेली कंबर

आमच्या दुकानात आम्ही दोघीच. मी कापते, वहिनी शिवते. लोकांचे कोट, गणवेश, पॅन्ट्स सैल-घट्ट करून देतो आणि दिवसभर तोंडाची टकळी चालू. माझी जरा जास्तच.

त्या सकाळी वहिनी सुई उचलायला वाकली आणि तिच्या पॅन्टची कंबर मला आतून दिसली. शिवण उसवून, सैल करून पुन्हा घातलेली, तीही काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने. माझ्या हाताखालून रोज पन्नास कंबरा जातात, आणि ही बाई माझ्यापासूनच कंबर लपवायला निघाली होती.

"दिवस गेलेत ना?" मी विचारलं.

ती मशीनचं चाक धरून बसली. "मला वाटलं, वयामुळे पाळी गेली. मला नकोय, ताई. धाकटीच्या वेळी मी वर्षभर अंधाऱ्या खोलीत पडून होते. तुम्ही भरवायचात मला. पुन्हा तसं झालं तर मी नाही उठणार."

"दादाला सांगितलंस?"

"ते म्हणाले, तू म्हणशील तसं. भीती तुमची वाटत होती. तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणू, की मला नको?"

मूल व्हावं म्हणून मी दवाखान्यांचे उंबरठे झिजवले, ते हिने जवळून पाहिलंय. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त राग आला, की ही एवढे दिवस एकटी घाबरत बसली.

"मग काय करणार होतीस?"

"पोट चिरतात, टाके घालतात म्हणे. म्हणून कुणाकडून तरी गोळ्या मागवणार होते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कोण कुठल्या गोळ्या देणार आणि तू गिळणार? ऊठ, चप्पल घाल."

भर सकाळी शटर ओढलं आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आमच्याहून लहान, पण बोलायला शांत. आधी सोनोग्राफी केली. गर्भ पिशवीतच आहे ना आणि किती आठवड्यांचा, ते बघितल्याशिवाय काही ठरवता येत नाही, म्हणाल्या. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"दिवस फार झालेले नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकार चालतील. एक गोळ्यांचा. पहिल्या गोळीने वाढ थांबते. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या घ्यायच्या, मग घरीच रक्त जाऊन पिशवी मोकळी होते. कळा येतात, पाळीपेक्षा जोरात. दुसरा प्रकार म्हणजे इथे पातळ नळीने ओढून पिशवी रिकामी करायची. काही मिनिटांचं काम. दुखू नये म्हणून औषध देते, त्याच दिवशी घरी."

"आणि टाके?" वहिनीने विचारलं.

"चिरायचंच नाही, तर टाके कशाला?"

वहिनी हसली. किती दिवसांनी हसली, देव जाणे. मग माझ्याकडे बघत बसली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी फक्त कंबर मोजते. बाकीचं तू ठरव."

"गोळ्या," ती म्हणाली. "घरी. ताई जवळ असतील."

बाईंनी बजावलं, "लागोपाठ दोन तास तासाला दोन-दोन पॅड भिजले किंवा ताप आला, तर वाट बघायची नाही. लगेच यायचं. आणि नंतर तपासणीला यायचंच."

दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी दादाने स्वयंपाक केला, म्हणजे भात करपवला. मी वहिनीच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले. कळ आली की ती माझं मनगट आवळायची. कळा ओसरल्यावर पुटपुटली, "तुम्ही मला वाईट समजत असाल."

"तुझं पोट म्हणजे माझी ऑर्डर आहे का? मला माझं मूल हवं होतं, वहिनी. नाही झालं, ते माझं दुःख. तू कशाला फेडायचं? मला तू उठून मशीनवर बसलेली हवीस."

तिला झोप लागली आणि माझं मनगट तिच्याच हातात राहिलं.

तपासणी झाली, सगळं व्यवस्थित निघालं. पुढच्या आठवड्यात तिने ती काळी पॅन्ट माझ्या टेबलावर टाकली. "घ्या आत. आणि काळा दोरा वापरा."

"उभी राहा इकडे." मी टेप तिच्या कमरेभोवती घातली. टेप धरायला दोन्ही हात मागे न्यावे लागतात. तिने तसंच माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडू लागली.

"हलू नकोस, माप चुकेल," मी म्हटलं. ती हलली नाही. बाहेर गिऱ्हाईक काउंटर वाजवत होतं. वाजवू दिलं.