गोजर वैद्याची पुडी

भागीरथीला दम्याचा त्रास जुना. वैशाखरे गावातल्या तिच्या घरात धाप लागली की सारं आवार जागं व्हायचं. मग मुरबाडकडच्या गोजर वैद्याची पुडी सुरू झाली आणि बाई गाढ झोपायला लागली. खोटं कशाला बोला, गुण आला होता. वैद्याची अट एकच, औषधाचं नाव कुणापुढं काढायचं नाही. काढलं की गुण जातो, आणि एकट्याचा नाही, त्या हातचं औषध खाणाऱ्या साऱ्यांचा जातो. धाकटी बहीण मैनालाही दमा, तिलाही भागीरथीनंच हाताला धरून गोजरकडं नेली होती. आता आपल्या तोंडामुळं बहिणीचा गुण जायचा, हे पाप कोण घेणार?

तळहातावर बारीक टणक गाठी आल्या, ती म्हणाली, शेतावरच्या बाईचे हात असेच. पाठीवर पांढरे-काळे ठिपके पडले. नायटा एकदा बसला तो हलेना, वर नागीण झाली. शेवटी उजव्या मधल्या बोटावरची जखम वर्षभर भरेना, तेव्हा साईनाथनं, तिच्या मुलानं, आईला मोटारसायकलवर घालून शहापूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी हात पाहिले, पाठ पाहिली आणि विचारलं, "मावशी, कसलं गावठी औषध खाता?"

"नाय."

"आई कायच खात नाय," साईनाथ म्हणाला. त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

बोटाच्या जखमेचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. भागीरथीनं ते बोट पदराखाली घेतलं.

"हे सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं काम दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही पुड्यांत घालतात. दमा दबतो, पण रोज थोडं थोडं विष अंगात जातं. कातडीत आपले राखणदार असतात, वाईट पेशी दिसली की मारणारे. सोमल त्यांनाच लुळं करतो. म्हणून नायटा जात नाही, नागीण उठते, आणि कॅन्सर वाढला तरी कुणी अडवत नाही. तुमच्यासोबत आणखी कुणी खात असेल, तर त्याचंही हेच होणार."

आता भागीरथीचं तोंड उघडलं. "गोजर वैद्याची पुडी," ती म्हणाली. "माझी बहीण पण खाते." आणि रडायला लागली.

बोट काढावं लागलं. टाके ओले असतानाच ती मैनाच्या ओटीवर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं.

"तू नाव फोडलंस," मैना म्हणाली. "आता मला धाप लागली की काय करू, सांग ना?"

"पंप देतात. मी घेते ना."

"पंपाची सवय लागते म्हणं."

"लागू दे. हात तरी राहतील." भागीरथीनं तिचा तळहात उलटा करून अंगठा फिरवला. दोन ठिकाणी तशाच टणक गाठी टोचल्या. "गोजरकडं मीच नेली तुला. शापूरलाबी मीच नेणार. उद्या सकाळी साईनाथची गाडी हाय."

मैनानं कमरेच्या बटव्यातून पुडी काढली, पण हातात दिली नाही. मुठीत घट्ट धरून बसली. भागीरथीही उठली नाही. पुडी घेतल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती.