दोन पंपांचं पाणी

बळवंतराव मार्चमध्ये तीन आठवड्यांसाठी मुलाकडे आले आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. पत्नी सुमतीबाई जालन्याला मुलीजवळ राहिल्या, हे इकडे नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेलला. मुलगा अश्वजित आणि सून प्रणिता दिवसभर लॅपटॉपसमोर. नात मैत्रीची शाळाही स्क्रीनवरच. घरात एवढी माणसं, पण बोलायला कुणी रिकामं नाही.

त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये तिकडे पाऊस फिरकला नाही. प्रणितानं गावाच्या कडेला भाजीचा एक वाफा घेतला होता. तिथल्या घेवड्याची पानं कडेनं करपू लागली.

"रोज भरपूर पाणी घालते, बाबा. तरी असं का होतंय?"

"पाणी कुठलं?"

"फाटकाजवळच्या हातपंपाचं. स्वच्छ असतं ते. मागच्या पंपाला नुसता गंज येतो."

बळवंतरावांची बत्तीस वर्षं भूजल खात्यात विहिरींचं पाणी तपासण्यात गेली होती. ज्या विहिरींत त्यांच्या वडिलांना कधी दोर सोडता आला नाही, त्याच विहिरींवर ते सरकारी बाटल्या घेऊन उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते मैत्रीला घेऊन बागेत गेले. स्वच्छ पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"आजोबा, इट्स नॉट सेफ," मैत्री म्हणाली.

"पीत नाही गं. ओळख करून घेतोय."

दोन्ही पंपांच्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी घरी आणल्या. गंजाचं पाणी एक दिवस निवळू दिलं. मग दोन्ही पाणी एकेका स्टीलच्या वाटीत आटवलं. स्वच्छ पाण्याच्या वाटीत पांढरा थर उरला, दुसरीत जेमतेम तांबूस डाग. मैत्रीनं पांढऱ्या थराला बोट लावून चाखलं. "सॉल्ट!"

"तो पंप खोल गेला असणार, खाऱ्या पाण्यापर्यंत. घेवड्याला मीठ अजिबात सोसत नाही. मागचं पाणी पिंपात भरायचं, लोह खाली बसू द्यायचं आणि वरवरचं घालायचं."

जूनमध्ये वेलांना नवी पानं फुटली. शेजारच्या वाफ्यातल्या डच आजीबाईंनी विचारलं, तेव्हा मैत्रीनं त्यांना डचमध्ये सगळं समजावलं. 'माझे आजोबा' म्हणताना तिची मान जरा ताठ झाली होती.

रविवारी बळवंतरावांनी सुमतीबाईंना व्हिडिओ कॉलवर घेवडा दाखवला.

"तुमच्या वांग्यांची आठवण झाली," ते म्हणाले. लग्नाआधी, खात्याच्या कामावर असताना, सुमतीबाईंच्या परसातल्या आडाचं पाणी त्यांनी खारट ठरवलं होतं. वांग्यांना ओढ्याकाठच्या झिऱ्याचं पाणी घाला, असं बजावलं होतं. महिन्याभरानं मुद्दाम वाट वाकडी करून ते वांगी कशी आली ते विचारायला गेले होते.

सुमतीबाई हसल्या. "झिरा किती लांब होता! मी एक हंडासुद्धा आणला नाही. वांगी वाळलीच."

"मग छान आली म्हणालात ते?"

"तुम्ही बारा मैल सायकल मारून आला होतात. काय सांगणार?"

एकोणचाळीस वर्षं त्यांनी ती वांगी आपल्या सल्ल्यानं जगली असं धरलं होतं. बळवंतरावांना एवढं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

"विमानं कधी सुरू होतायत?" सुमतीबाईंनी हळूच विचारलं.

"जुलैत म्हणतात."

"या मग," त्या म्हणाल्या. फोन मात्र दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.