तेजलचं मशीन

जयवंतरावांनी उशीचा धुतलेला अभ्रा झटकला आणि मशीन त्यात अलगद सरकवलं. वायर गुंडाळून रबर लावलं, खेळायचा रिमोट वेगळ्या रुमालात बांधला आणि ते गाठोडं पोटाशी धरून उभे राहिले.

"खंय निघालात?" स्वयंपाकघरातून विमलाबाईंनी विचारलं. सगळा संसार घाटकोपरात झाला, तरी त्यांच्या तोंडातलं मालवण काही गेलं नव्हतं.

"साकीनाक्याला."

"त्या डब्याक घेवन?"

"डबा नाही तो. मशीन आहे."

"सुयोग बघतलो मा रविवारी. तुमका कशाक होयी नसती उठाठेव?"

जयवंतरावांनी ते कानामागे टाकलं. सुयोग त्यांचा मुलगा. गुणी होता, पण बल्ब बदलायचा तरी रविवारची वाट बघणारा. आणि असे किती रविवार जाऊ द्यायचे?

मशीन होतं सुनेचं. तेजल घाटकोपरचीच, पण स्टेशनच्या पलीकडच्या बाजूची, शहांच्या घरातली. लग्न होऊन सासरी आली तेव्हा साड्यांची बॅग तिच्या भावाने उचलली होती आणि हे गेम खेळायचं काळं मशीन तिने स्वतः मांडीवर घेऊन आणलं होतं. गावाहून आलेल्या पाहुण्यांनी तोंडाला पदर लावला होता. नवरी देव्हारा आणते, शिवणयंत्र आणते, हे काय आणलं हिने?

पण या मशीनने घरात धमाल उडवून दिली. जेवणं आटोपली की तेजल टीव्हीसमोर मांडी घालून बसायची आणि गाड्यांच्या शर्यती सुरू व्हायच्या. दिवसभर बँकेत हळू आवाजात बोलणारी मुलगी "पकड ने एने!" करून अशी ओरडायची, की खालच्या मजल्यावरच्या शकुताई काळजीने विचारायला यायच्या. जयवंतराव मागे सोफ्यावर पेपर उघडून बसत. पेपर नुसता नावाला. वळण आलं की तेही पेपरासकट वळत, आणि समोर ट्रक आला की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर ब्रेक दाबे.

त्याआधी सासरा-सुनेत बोलणं ते काय? "जेवलीस?" "हो पप्पा." तिथेच गाडी संपायची. मशीनमुळे त्यांना विचारायला काहीतरी मिळालं. हा लाल गाडीवाला रोज आडवा का येतो? पेट्रोल भरावं लागत नाही का? तेजल खेळता खेळता, मागे न बघता, सगळं समजावून सांगायची. सुनेची पाठ बघत गप्पा मारणं जयवंतरावांना फार सोयीचं वाटे.

आणि दसरा झाला न झाला, मशीन बिघडलं. चालू करावं तर आत कर्रर्र आवाज व्हायचा, जरा वेळाने गप्प.

"असू दे पप्पा," तेजल म्हणाली होती. "जुनं झालंय ते." आणि तिने मशीन टीव्हीच्या मागे सरकवून ठेवलं होतं.

हेच जयवंतरावांना खुपलं. एवढं लाडकं मशीन, आणि असू दे? माहेरी असती तर हिने घर डोक्यावर घेतलं असतं. भावाला पळवलं असतं, बापाला पळवलं असतं. इथे मात्र असू दे. म्हणजे पोरगी अजून पाहुणीच आहे, पाहुण्यासारखी संकोचाने राहतेय, असा त्यांनी अर्थ काढला आणि त्यांचं जेवणावरचं मन उडालं. रात्री हॉलमध्ये आता चार माणसं चार मोबाईलमध्ये डोकी घालून बसत. शकुताई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना?

मशीन म्हटलं की जयवंतराव स्वतःला अधिकारी समजत. उमेदीची वर्षं गिरणीत मागांवर गेली होती, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर. त्यांनी मशीनला कान लावला होता आणि निदान केलं होतं: बेअरिंग गेलंय. उलटं करून बघितलं तर खाली एक स्टिकर होता. 'नीला इलेक्ट्रॉनिक्स, साकीनाका'. तेजलने मागे कधीतरी तिथेच दुरुस्त करून घेतलं असणार. साकीनाका म्हणजे तर आपला इलाखा. आज सुयोग आणि तेजल ऑफिसला गेल्यावर त्यांनी अभ्रा शोधला होता.

मेट्रोच्या दारात गाठोडं तपासणीच्या पट्ट्यावरून गेलं आणि पट्टा थांबला.

"चाचा, ये क्या है?"

"बहू का मशीन है."

"काहे का मशीन?"

"गाडी चलाने का," जयवंतरावांनी खरं ते सांगितलं.

शिपायाने दुसऱ्या शिपायाला हाक मारली. दुसरा तरुण होता. त्याने अभ्र्यात डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहराच उजळला. बहू कोणता गेम खेळते, कितव्या लेव्हलला आहे, असं त्याने मोठ्या आदराने विचारलं. जयवंतरावांना लेव्हल ठाऊक नव्हती. "सबसे उपरवाला," ते म्हणाले, आणि ताठ मानेने आत गेले.

नीला इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे गाळ्यांच्या रांगेतलं एक चिंचोळं दुकान होतं. नीला पन्नाशीची, केस वर बांधलेली, कपाळावर दिवा लावलेली बाई. तिने अभ्रा सोडला, मशीन बाहेर काढलं, उलटं केलं आणि हसली.

"हे तर तेजलचं! कॉलेजला होती तेव्हापासून माझ्याकडेच येते. काका, तुम्ही तिचे पप्पा ना?"

तेजल त्यांना पप्पाच म्हणत होती.

"हो," जयवंतराव म्हणाले.

"म्हणजे शेवटी आणू दिलं म्हणायचं तिने. बसा."

आणू दिलं म्हणजे काय, हे विचारायच्या आत नीलाने स्क्रू काढायला सुरुवात केली होती. कारागीर हात चालवत असताना मध्ये बोलायचं नाही, ही गिरणीतली सवय. ते स्टुलावर बसले.

"बेअरिंग गेलंय बहुतेक," शेवटी त्यांना राहवलं नाहीच.

"बेअरिंग ठणठणीत आहे, काका."

नीलाने वरचं झाकण उचललं आणि मशीन ट्रेवर तिरकं केलं. टपटप करत तांदूळ पडले. कुंकवाने लाल झालेले, काही एकमेकांना चिकटलेले. तिने चिमट्याने पंख्याच्या पात्यांतून आणखी दाणे ओढून काढले. मग एक वाळकी, तपकिरी झालेली झेंडूची पाकळी.

जयवंतराव ट्रेकडे बघत राहिले. त्या अक्षता त्यांनी ओळखल्या. न ओळखून सांगतात कुणाला?

"दसरा झाला की माझी दिवाळी," नीला मजेत म्हणाली. "मागच्या आठवड्यात एकाने प्रिंटर आणला. कागदाच्या जागी आपट्याची पानं! पण हे तेजलचे सासरे दिलदार दिसतात हं. लोक चिमूटभर टाकतात, यांनी मूठभर टाकल्यात."

खरंच मूठभर टाकल्या होत्या. गिरणीत दसऱ्याला मागांना हार घालायचे, नारळ वाढवायचे. ते गेलं, पण जयवंतरावांनी पूजा काही सोडली नव्हती. दरवर्षी पाटावर मिक्सर, शिवणयंत्र, त्यांचे पाने आणि मायक्रोमीटर, सुयोगचा लॅपटॉप असं सगळं मांडायचं. यंदा तेजलचं मशीनही मांडलं होतं. सगळ्यांना चिमूट, आणि नव्याला मूठ. मशीन असो की माणूस, घरातल्या पहिल्या दसऱ्याला हात आखडता घ्यायचा नाही, असा त्यांचा साधा विचार. वरच्या जाळीतून एवढा प्रसाद पोटात जाईल, हे मशीनवाल्या माणसाला सुचू नये?

"पंखा अडकला, की मशीन तापतं आणि आपणहून बंद होतं," नीला ब्रशने हळद झाडत म्हणाली. "तिने जाळीतून टॉर्च मारून फोटो पाठवला तेव्हाच मी सांगितलं होतं, तांदूळ आहेत, घेऊन ये, किरकोळ काम आहे. तर म्हणाली, नको."

"तिला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी. तुम्हाला नाही बोलली? म्हणाली, ताई, सासरे दिवसभर घरात असतात. मशीन नीट झालं की काय बिघडलं होतं ते विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. मी म्हटलं, मग सांग ना खरं. एवढं काय त्यात? तर म्हणते कशी," नीलाचा हात थांबला, "पाटावर माझं मशीन त्यांनी मधोमध ठेवलं, ताई. अख्ख्या घरासमोर हळदकुंकू लावलं. माहेरी सगळे ह्याला टाइमपास म्हणायचे. आता हे कळलं तर ते पुढच्या वर्षी हात लावायचे नाहीत. त्यापेक्षा बंद राहू दे."

जयवंतरावांनी चष्मा काढला आणि मशीन बांधून आणलेल्या अभ्र्यानेच पुसला. त्यांना लाज वाटत होती आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद होत होता, आणि दोन्ही एकदम चेहऱ्यावर कसं दाखवायचं ते कळत नव्हतं. पोरगी पाहुण्यासारखी राहतेय म्हणे! आपल्याच माणसाला कोण इतकं सांभाळून घेतं?

"तुम्ही काही बोलू नका हं सासऱ्यांना," नीला म्हणाली.

"नाही बोलत."

"माणूस बरा आहे ना?"

"बरा आहे," जयवंतराव जरा विचार करून म्हणाले. "स्वतःला मशीनमधलं जरा जास्त कळतं असं वाटतं त्याला."

परत येताना त्यांना एकच घोर होता. मशीन नीट झालं म्हटल्यावर घरात कुणीतरी विचारणारच, काय झालं होतं? धूळ म्हणावं, तर विमलाबाई रोज दोनदा फडकं मारत. बेअरिंग म्हणावं, तर ठणठणीत बेअरिंगची बदनामी करायला त्यांची जीभ धजेना. असल्फा आलं, जागृती नगर आलं, घाटकोपरही आलं, पण उत्तर काही सापडलं नाही.

संध्याकाळी तेजल दार उघडून आत आली आणि एका पायात चप्पल तशीच ठेवून थबकली. टीव्हीवर गाड्या होत्या. मशीन आवाज न करता चालू होतं.

"पप्पा! चालू झालं?"

"झालं."

"कसं? कोणी केलं?"

"खाली स्टिकर होता. साकीनाक्याला गेलो होतो."

तेजलच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलं. तिने पर्स खाली ठेवली. दुसरी चप्पल काढली. मग फार हळू विचारलं, "काय म्हणाल्या ताई? काय झालं होतं?"

विमलाबाई पीठ लागलेले हात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. "होय तर. सकाळपासून ह्यांच्या तोंडातसून शब्द नाय. काय निघाला आतसून?"

दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. जयवंतरावांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि तोंडाला येईल ते बोलून टाकलं.

"झुरळ."

"झुरळ?" विमलाबाईंचा आवाज चढला. "माझ्या घरात?"

"छोटंसं होतं."

तेजल त्यांच्याकडे टक लावून बघत होती. टॉर्चच्या उजेडात काय दिसलं होतं, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जयवंतरावांनी एकदाच तिच्या नजरेला नजर दिली आणि मान खाली घालून रिमोटची वायर, गुंता नसताना, सोडवायला घेतली. तिच्या गालावर हळूहळू खळी उमटली.

"दोन होती, पप्पा," ती म्हणाली.

जयवंतरावांनी मान वर केली.

"मी बघितली होती टॉर्च मारून. दोन."

"तू बघितलंस?" विमलाबाईंनी पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. "मगे सांगलंस कित्याक नाय गो?"

"वाईट वाटलं असतं ना," तेजल म्हणाली. बोलत ती विमलाबाईंशी होती, बघत मात्र जयवंतरावांकडे. "म्हटलं, राहू दे. मशीन काय, नंतरही होईल."

विमलाबाई काहीतरी पुटपुटत आत गेल्या आणि ओट्याखालचे डबे एकामागून एक बाहेर आदळू लागल्या. तेजल नेहमीसारखी टीव्हीसमोर मांडी घालून बसली. जयवंतराव सोफ्यावर गेले नाहीत. गुडघ्यावर हात टेकत ते तिच्या शेजारी फरशीवर बसले.

"पुढच्या दसऱ्याला पूजेआधी मशीनवर रुमाल टाकू," ते गाड्यांकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाले. "वर जाळी आहे ना. झुरळं आत जातात."

तेजल इतकी हसली की तिची गाडी कठडा तोडून समुद्रात गेली. जयवंतरावही हसले. स्वयंपाकघरातली आदळआपट एकदम थांबली.

"काय गो?" आतून विमलाबाईंनी घाबऱ्या आवाजात विचारलं. "आणखी एक गावला काय?"