तहकूब सभेचा अर्धा तास

"चाळीस घरांच्या इमारतीत अकरा माणसं जमली, त्यांनी ठराव केला, आणि तो आम्ही मानायचा?" बिल्डरचे वकील म्हणाले, तेव्हा मांडीवरची नोंदवही तिने घट्ट धरली. वहीतलं अक्षर तिच्या वडिलांचं होतं. सव्वीस वर्षं ते सोसायटीचे सचिव होते. दोन महिन्यांपूर्वी गेले.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेवर बिल्डरला दुसरी इमारत उठवू द्यायची नाही, असा तो सतरा वर्षांपूर्वीचा ठराव. तो टिकला नाही, तर जागा गेली आणि मागच्या वीस घरांचा उजेडही गेला.

सोसायटीच्या वकीलबाईंनी तिच्याकडून वही घेऊन सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे उघडली. सहा वाजता माणसं कमी भरली म्हणून सभा अर्धा तास तहकूब. साडेसहाला पुन्हा सुरू. नियमच तसा होता. अर्धा तास थांबल्यावर जेवढे हजर असतील तेवढ्यांत सभा चालवता येते. बहुतेक ठिकाणी दोन्ही वेळा एका दमात लिहून मोकळे होतात. वडील मात्र खरोखर थांबायचे आणि सह्या दोनदा घ्यायचे. लोक त्यांना पाठीमागे 'तहकूबराव' म्हणत. तोंडावर म्हणणारे एकटे टेलरकाका. कॉलेजात असताना तिलाही त्या नावाची लाज वाटायची.

बिल्डरच्या वकिलांनी हसून विचारलं, हे सगळं मागाहून घरी बसून लिहिलं नाही कशावरून? लिहिणारा तर आता नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून टेलरकाका उठले. पहिल्या मजल्यावर राहणारे, वडिलांशी उभा दावा असलेले.

"त्या अर्ध्या तासात तुम्ही काय केलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"काय करणार, साहेब? बसून राहिलो. मी निघालो होतो, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. हिच्या वडिलांनी बाहीला धरून बसवलं. मी नाही नाही ते बोललो."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. घड्याळाकडे बघत बसले. आणि साहेब, ठरावाला माझा विरोध होता. तोही त्यांनी लिहिलाय, बघा. माझी कारणं माझ्यापेक्षा बरी मांडलीत."

अधिकाऱ्यांनी पान उलटून वाचलं आणि हसू दाबलं. ठराव ग्राह्य धरल्याचं त्यांनी तिथेच लिहवून घेतलं.

बाहेरच्या खोलीत ती काकांचे आभार मानायला पुढे झाली. तिचा चेहरा बघून काकाच बोलले, "आभार कसले मानतेस? खरं होतं ते सांगितलं. खोटं असतं, तर सगळ्यात आधी मीच बोंब मारली असती."

या दोन महिन्यांत वडिलांबद्दल इतकं चांगलं तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

वही पुरावा म्हणून जमा करावी लागेल, कारकून म्हणाला. परत कधी मिळेल, ते त्याला सांगता येईना. घरात वडिलांचं एवढं सलग अक्षर दुसरीकडे कुठे नव्हतं. त्याने पोचपावती लिहिली: 'जुनी वही, एक.'

काकांनी चष्मा वर सरकवून ती वाचली.

"भाऊ, 'जुनी' तेवढं खोडा," ते म्हणाले. "सभेची नोंदवही, असं लिहा."

कारकुनाने खोडलं, नीट लिहिलं, खाडाखोडीपाशी सही केली. मग तिने वही दोन्ही हातांनी पुढे केली, आणि ती कपाटात जाऊन दार लागेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.